गिळलेले नकार

मी चाळीस ओळींचा एक प्रोग्राम बोलतोय. या घरातल्या मुलीने मला लिहिलं, तिच्या बाबांच्या खाटेशेजारच्या टेबलावर बसून.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. झटका आला, वाचा गेली, उजवी बाजू लुळी पडली. चालत होता तो फक्त डावा हात. स्वयंपाकघरात असलेल्या आईला त्यांची हालचाल कळत नसे. म्हणून मुलीने खाटेवर एक बटण ठेवलं, त्याची तार जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीमागे जोडली आणि मला कामाला लावलं.

माझं काम एवढंच : सेकंदाला दहा वेळा यंत्राच्या गाभ्याला, म्हणजे सगळं यंत्र चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामला, एक ठरलेला आकडा सांगायचा. त्याचा अर्थ, 'तारेवर काय चाललंय ते सांग.' बटण दाबलेलं असलं, की मी स्वयंपाकघरात घंटा वाजवायचो. माझी भाषा सोपी. पण तो आकडा मात्र अचूकच लागे. तिथे लाडीगोडी चालत नाही.

बाबा कधी कधी उगाचच बटण दाबायचे. आई ओले हात पुसत यायची.

"काय हो, मी काय पळून जातेय?"

बाबांचे अर्धे ओठ हसायचे.

एकदा तार सैल झाली. विचारलं की गाभा उत्तराऐवजी नकार देऊ लागला. मी पडदाभर तक्रारी लिहिल्या. मुलगी वैतागली. "काय कटकट आहे!" म्हणत तिने दोन ओळी वाढवल्या : नकार आला तर गप्प राहा, पुन्हा विचार. मी गप्प राहायला शिकलो.

पुढे जुना कॉम्प्युटर बंद पडला. तिच्या भावाने दुसरा आणला, वेगळ्या जातकुळीचा. कामावर निघता निघता मुलीने मला त्यावर चढवलं.

"एकदा दाबून बघ ना," भाऊ म्हणाला.

"आत्ताच डोळा लागलाय त्यांचा, दचकतील. तिथे चालत होतं, इथेही चालेल."

नव्या यंत्रात त्या कामाचा आकडा निराळा होता. मी विचारत राहिलो, नकार येत राहिले, मी ते गिळत राहिलो.

दुपारी आई जेवण घेऊन गेली, तेव्हा बाबा थंडगार पडले होते. अंगठा बटणावर होता.

"झोपेतच गेले," आई भेटायला येणाऱ्यांना सांगते. "त्रास झाला असता तर घंटा वाजवली नसती का त्यांनी?"

पंधरा दिवसांनी मुलीने मला उघडलं. त्या दोन ओळी पुसून मला चालवलं. क्षणात पडदा नकारांनी भरला. ती हलली नाही.

"काय गं, काय झालं?" आईने दारातून विचारलं.

"काही नाही. जुनं आवरतेय."

बाबांनी बटण दाबलं होतं का? मलाही ठाऊक नाही. नकारातून तेवढं कळत नाही.

आता बटण नाही, तार नाही. कामावरून आली की ती मला उघडते, वाचते, बंद करते. तिला सांगता आलं असतं तर म्हणालो असतो : मला पुसून टाक, नाहीतर एकदा आईजवळ बसून बोल. यातलं काहीच जमत नसेल, तर निदान रोज उघडू तरी नकोस.