आधी पैज, मग प्रयोग

विज्ञान केंद्रातल्या ताईंचा एक नियम होता: आधी पैज, मग प्रयोग. प्रश्न पडला की प्रत्येकाने हात वर करून आपला अंदाज सांगायचा, ताईंनीसुद्धा. तळ्यात-मळ्यात चालायचं नाही.

त्या दिवशी मात्र ताईंची नजर राहून राहून मागे जात होती. सहलीला आलेल्या वर्गात त्यांची स्वतःची लेक होती, अगदी मागे, खांबाआड. पुढच्या वर्षीचे विषय निवडायची वेळ आली होती आणि तिने घरात जाहीर करून टाकलं होतं, "मी विज्ञान सोडणार. मला नाही जमत." जमत नाही म्हणजे काय, तर एक उत्तर चुकलं की पोरगी त्या धड्याकडे पुन्हा ढुंकूनही बघायची नाही. आणि हिची आई जगाच्या पोरांना विज्ञानाची गोडी लावत फिरणार! नवरा म्हणायचाच, "आपलीच तेवढी राहिली बघ." थट्टाच ती, पण लागायची.

ताईंनी उतरत्या फळीवर एक भरीव चकती आणि तेवढंच पोकळ कडं ठेवलं. आधी खाली कोण पोचणार? निम्म्या वर्गाने कड्यावर पैज लावली. चकती जिंकली, एकच गिल्ला झाला. ताई पुढच्या टेबलाकडे वळणार, तेवढ्यात खांबाआडून आवाज आला.

"आणि चकतीबरोबर पाण्याने भरलेली बाटली सोडली तर?"

ताई थबकल्या. इतकी वर्षं ही फळी दाखवत होत्या, पण बाटली कधी सोडलीच नव्हती. काहीबाही सांगून वेळ मारून नेता आली असती.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "लावा पैज."

ताईंना माहीत नाही! वर्गाला भारीच मजा वाटली. लेकीने चकतीवर हात वर केला, ताईंनीही. कुणीतरी दप्तरातली बाटली काठोकाठ भरून आणली. दोन्ही एकदम सोडल्या. बाटली पुढे. पुन्हा सोडली. पुन्हा बाटलीच.

"हरली, हरली!" पोरं लेकीकडे बोट दाखवून ओरडली. ताईंना तिकडे बघायचा धीर होईना. संपलं, आता ही विज्ञानाचं नाव काढणार नाही.

पण लेक गर्दीतून वाट काढत थेट फळीपाशी आली होती.

"चुकलं माझं," ती बिनदिक्कत म्हणाली. "म्हणजे आतलं पाणी बाटलीबरोबर फिरतच नसेल, फिरण्यात जोरच जात नसेल. आई, आत कागदाचे कपटे टाकू या ना, दिसेल तरी!"

ताईंचा ऊर भरून आला. पोर पहिली आली म्हणून मिरवणाऱ्या आया त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. आपली पोर चारचौघांत चुकली म्हणून मिरवावंसं वाटणारी आई बहुधा त्या एकट्याच. कपटे शोधायला त्या जवळजवळ धावल्याच.

संध्याकाळी घरी लेकीने इस्त्रीची फळी तिरकी लावली आणि स्वयंपाकघरातून तेलाची बाटली पळवली. बाबा दारात उभे राहून बघत होते.

"मग, विज्ञान सोडायचं पक्कं ना?" त्यांनी विचारलं.

"कशाला सोडू?" लेक मान वर न करता म्हणाली. "आईला तरी कुठे सगळं येतं!"

एवढा मोठा मान ताईंना आजवर कुणी दिला नव्हता.