पौषातली सावली

नववीत समरूप त्रिकोण शिकवले तेव्हाच मला वाटलं होतं, हे प्रकरण कुठेतरी कामाला येणार. आलं! पण ज्या पद्धतीने आलं, ते आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

आमच्या मेहरूणच्या घरासमोर पितांबर नानांचा मोकळा प्लॉट होता. नाना चोपड्याकडचे, केळीवाले. प्लॉट घेऊन ठेवला आणि विसरले, असं सगळ्यांना वाटायचं. दर चैत्रात गल्लीतल्या बायका तिथे खाटा टाकून बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायच्या. ज्वारी तीन दिवस भिजवायची, वाटायची, पहाटे तीळ-लसूण-मिरची घालून तिचा घाटा शिजवायचा आणि गरम असतानाच ओल्या लुगड्यावर हाताने पातळ पसरायचा. बोटं भाजतात, पण थांबता येत नाही, घाटा गार झाला की फाटतो. बाकीच्या बायका घरापुरत्या करायच्या. माझी आई मात्र लोकांच्याही करून द्यायची, कारण माझ्या वडिलांचं, आबांचं, कापसाच्या जिनिंगमधलं काम दसऱ्याला सुरू होतं आणि होळीला संपतं. होळीनंतरचं आमचं घर आईच्या बिबड्यांवर चालायचं.

आणि त्या जानेवारीत बोर्ड लागला. खाली दुकानं, वर तीन मजले फ्लॅट!

गल्लीत एकच गोंधळ. शेजारच्या भिकनभाऊंना पाण्याची काळजी. "एक दिवसाआड नळ येतो, त्यात अजून बारा घरं?" कुणी म्हणे स्कूटरी लागतील, पोरं खेळणार कुठे. कुणी म्हणे वरून थेट आपल्या न्हाणीत दिसेल. आई फक्त आमच्या धाब्यावर जायची, मातीच्या त्या छोट्याशा गच्चीवर पावलं टाकत काहीतरी मोजायची आणि खाली यायची.

"मावतील का गं खाटा?" मी विचारलं.

"चार. आडव्या-उभ्या करून पाच. तिथे वीस मावतात."

"मग आता?"

"मग काय? जमीन त्यांची, बांधतील. आपलं धाबं तर आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बिल्डिंग आमच्या दक्षिणेला. म्हणजे तिची सावली आमच्या धाब्यावर! मग ती चार खाटांची जागाही गेली!

शनिवारी अर्धी शाळा. केळीला टेकू द्यायचा दहा फुटी बांबू भिकनभाऊंकडून आणला, भर दुपारी प्लॉटमध्ये उभा केला, सावली मोजली. नऊ फूट. चार मजले म्हणजे पंचेचाळीस फूट धरा. सावली साधारण चाळीस फूट! खडूने खूण करत गेले, ती थेट आमच्या मागच्या कुंदाकाकूंच्या धाब्याच्या पलीकडे. वहीत आकृती काढली, दोन रंगांत.

रविवारी सकाळी नाना आले. सोबत त्यांच्या बायको बेबाअक्का आणि नकाशाची गुंडाळी घेतलेले इंजिनिअर साहेब. सगळे प्लॉटवरच जमले. पाण्याचा विषय निघाला, तर साहेब म्हणाले बोअर करू. भिकनभाऊ म्हणाले, "बोअरला पाणी लागलं तर!" तो विषय तिथेच लोंबकळला. मग मी उठले.

"नाना, मला एक सिद्ध करायचं आहे."

"अरे वा! कोणाची वकिलीणबाई ही?" नाना हसले.

"लताबाईची पोरगी," कोणीतरी म्हणालं.

मी वही उघडून धडाधड सांगितलं. बांबू, नऊ फूट, समरूप त्रिकोण, चाळीस फूट. "म्हणजे आमच्या सगळ्यांच्या धाब्यांवर दिवसभर सावली! एकही बिबडी वाळणार नाही!" लोक माना डोलावत होते. इंजिनिअर साहेबांनी वही हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, "गणित बरोबर आहे." मला वाटलं, झालं, बिल्डिंग पाडलीच मी, बांधायच्या आधी!

तेवढ्यात कुंदाकाकूंनी पदर सावरला. काकूंचं माहेर पिंपळनेरचं, त्यांची बोली अजून तिकडचीच.

"अय पोरी, हाई माप तू कवय लिधं?"

"काल. भर दुपारी."

"काल पौष व्हता ना माय? मंग बिबड्या आपण पौषमा करतस का?"

मी वहीत घातलेली तारीख बघितली.

"चैत्रमा सूर्य कथा ऱ्हास? डोकावर! तवय सावली पायखाले ऱ्हास!"

असा हशा पिकला म्हणता! भिकनभाऊ तर गुडघ्यावर थापा मारून हसत होते. "आणि वर बांबू माझा नेला!" नानांनी डोळे पुसले. मी वही मिटून साहेबांनी खाली पसरलेल्या नकाशापाशी जाऊन बसले, जमीन दुभंगली असती तर चाललं असतं.

आई हसली नव्हती. ती उठली. मी तिला कधी चारचौघांत बोलताना पाहिलं नव्हतं.

"नाना, पोरीची सावली चुकली. पण जागा तर जातेच आहे. माझं उन्हाळ्याचं काम या जागेवर होतं. तुमच्या गच्चीवर बसू द्याल का चैत्रात?"

हसणं थांबलं. नाना साहेबांकडे बघू लागले. साहेब म्हणाले, "गच्ची चौथ्या मजल्याच्या वर. चूल तिथे पेटवता येणार नाही, स्लॅब खराब होतो."

"मग घाटा खालून न्यायचा?" बेबाअक्का म्हणाल्या. "वर पोचेपर्यंत त्याचा दगड होईल. मी फ्लॅटात राहायला येणार आहे, मलासुद्धा हाच प्रश्न पडला आहे. यांना विचारलं तर म्हणतात, विकत आण!"

"आता लोकांसमोर काय काढतेस?" नाना पुटपुटले.

मी मान खाली घालून बसले होते आणि मानेखाली नकाशा होता. खालची दुकानं पलीकडच्या, दक्षिणेच्या रस्त्यापर्यंत पुढे आलेली. वरचे फ्लॅट मात्र मागे. मधे एक लांबलचक पट्टा, त्यावर काहीच लिहिलेलं नाही.

"नकाशामा काय देखी ऱ्हायनी व?" कुंदाकाकू.

पुन्हा चुकले तर? जाऊ दे, एकदा हसलेच आहेत!

"साहेब, ही दुकानांच्या वरची जागा कोणाची?"

"ती? दुकानांचा स्लॅब. मोकळाच."

"म्हणजे एकच जिना चढायचा? आणि ही तर दक्षिणेची बाजू. फ्लॅट हिच्या मागे, उत्तरेला. म्हणजे सावली पलीकडे पडणार..." मी कुंदाकाकूंकडे बघितलं. "चैत्रातसुद्धा दुपारभर ऊन, बरोबर ना काकू?"

काकूंनी आधी आकाशाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग नकाशाकडे. "बठ्ठं ऊन," त्या म्हणाल्या. सगळं ऊनच ऊन!

"पण जिना नाही तिथे," साहेब म्हणाले.

"चूल खाली मागच्या अंगणात पेटवू," आई म्हणाली. "बाजूने बाहेरून जिना दिला तर दोघी मिळून पातेलं नेऊ."

दुकानं घेणाऱ्यांना काय सांगायचं, हे बहुतेक नानांच्या मनात चाललं असावं. बेबाअक्कांनी त्यांच्या कोपराला हळूच बोट लावलं.

"लिहा साहेब," नाना म्हणाले. "बाहेरून जिना. आणि त्या पट्ट्यावर लिहा, गल्लीसाठी मोकळा. नुसतं तोंडी नको, ही पोरगी पुन्हा वही घेऊन येईल."

साहेबांनी लाल पेन्सिलीने तिथल्या तिथे लिहिलं. भिकनभाऊ म्हणाले, "आणि पाण्याचं?" तर पुन्हा सगळे पाण्यावर भांडू लागले. ते भांडण अजून मिटलेलं नाही.

घरी आल्यावर आईने फरशीवर खडूने लांब पट्टा काढला आणि त्यात खाटा मांडू लागली. सोळा झाल्या. सतराव्या खाटेला ती थांबली.

"कठडा किती उंच करतील? कमी केला तर वाऱ्याने लुगडी उडतील. फार केला तर ऊन अडेल."

"विचारायचं राहिलंच."

"साहेब उद्याही येणार आहेत. शाळेच्या आधी जाऊन विचारून ये." आई खडू माझ्या हातात देत म्हणाली, "आईने विचारलंय असं सांगू नकोस. तूच विचार."