बंकटच्या टाचेखालची फ्लॉपी

मित्रांनो, मी एक जुनी फ्लॉपी आहे. पातळ, काळी, चौकोनी. माझा एक कोपरा जळालेला आहे आणि अंगावर माणसाच्या टाचेचा ठसा आहे. हसू नका. टाच कुणाची ते सांगते.

१९९४ साली बीडच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या शिवांजलीताईंनी मला विकत आणलं. जमिनीत चार लोखंडी खुंट्या ठोकायच्या, बॅटरीचा करंट सोडायचा, मीटरवरचे आकडे टिपायचे आणि खाली पाणी आहे की नुसता खडक ते काढायचं, हा त्यांचा नाद. ते गणित करणारे प्रोग्राम तेव्हाही होते. पण काळ्या पडद्यावर इंग्रजी हुकूम टाइप करायचे; एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून! ताईंनी दोन वर्षं खपून नवाच प्रोग्राम बांधला. खिडकीत आकडे भरायचे, माउसनं बटण दाबायचं, की जमिनीचा उभा काप पडद्यावर रंगत यायचा. पाणी निळं, कोरडा खडक लाल. मराठी अक्षरं मिळेनात, म्हणून बटणावरचं ‘पाणी’ त्यांनी ठिपक्याला ठिपका जोडून काढलं. हे सगळं माझ्या पोटात होतं.

पण ताईंनी एक चूक केली. माझ्या नकला कुणाला दिल्याच नाहीत. ‘अजून नीट झालं नाही, झालं की देऊ,’ म्हणायच्या. एकच नक्कल बाहेर गेली होती, अनुदानाच्या अर्जासोबत, बीडच्या सरकारी ऑफिसात.

उमापूरच्या आश्रुबांच्या रानात दोन बोअर कोरडे गेले होते. तिसऱ्यासाठी बोअर पाडणाऱ्या बंकटचं मशीन येऊन उभं राहिलं. त्याच्या पाणाड्यानं तळहातावर नारळ धरून रान फिरून काढलं आणि जागा दाखवली. आश्रुबांना खात्री वाटेना. त्यांनी ताईंना बोलावलं, खुंट्या ठोकून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बीडला येऊन पडद्यावर चित्र पाहिलं. त्या जागेखाली खोलवर लालभडक! आणि पलीकडच्या बांधाखाली निळा पट्टा.

गावात परतून त्यांनी चारचौघांत सांगितलं, “बंकट, मशीन हलीव. ताईंच्या काळ्या चकतीनं दावलं, खाली नुसता दगूड हाय.”

गाव हसलं. ते हसू बंकटच्या काळजात रुतलं.

चौथ्या दिवशी भर दुपारी तो दोन माणसं घेऊन कॉलेजच्या प्रयोगशाळेत घुसला. हातात लोखंडी रॉड. पहिल्या घावात मॉनिटर फुटला, काचा ताईंच्या कपाळात घुसल्या. मग त्यानं कॉम्प्युटरचा डबा चेपला, आतली डिस्क उघडी पडली, तिच्यावरही तो घाव घालत राहिला.

“ती काळी चकती कुठाय? बोल!”

ताईंचा हात टेबलाच्या खणात होता. माझ्यावर. बंकटनं लाथ मारून खण बंद केला. बोटं आतच होती, मित्रांनो. हाडं मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला, आणि तो आजही मला सोडत नाही.

त्यानं मला ओढून काढलं, दुमडलं, टाचेखाली रगडलं.

“दोन वर्षं हायेत रे माझी त्यात!” ताई किंचाळल्या.

“म्हणूनच,” बंकट म्हणाला आणि काडी ओढली.

शेजारच्या वर्गातली पोरं धावली, म्हणून माझा कोपराच जळाला. पण आतलं सगळं गेलं. आता उरली होती फक्त ऑफिसातली नक्कल.

कपाळाला टाके, तीन बोटं प्लास्टरमध्ये, अशा ताई ऑफिसात गेल्या. कारकून शहादेवनं फाईल उघडली. अगं बाई! माझ्या जोडीदारणीला पंचिंग मशीननं दोन भोकं पाडून कागदांबरोबर टॅगमध्ये ओवलं होतं. ताईंनी फाईल टेबलावर आपटली आणि ढसाढसा रडल्या.

“म्याडम, कावून रडता?” शहादेव गोंधळला. “ही आफिसची प्रत हाय, फायलीलाच लागती. फायलीला लावायच्या आधी नियमानं दोन जादा प्रती काढून घेतल्यात. एक गेवराईच्या आफिसला धाडली, एक माझ्या कपाटात हाय.”

ताईंनी चक्क त्याचे पाय धरले. बिचारा लाजून उठून उभा राहिला.

त्या आठवड्यात ताईंनी कॉलेजच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर एका हातानं चाळीस नकला काढल्या आणि मागेल त्याला वाटल्या. आश्रुबांनी पलीकडच्या बांधावर बोअर घेतला, तिथं पाणी लागलं.

पोलिसांनी धरलेला बंकट महिनाभरानं जामिनावर सुटला. पुन्हा तसाच रॉड, तोच दरवाजा.

“कुठाय ती?”

ताई जागच्या हलल्या नाहीत. “उमापुरात हाय, गेवराईत हाय, चाळीस घरांत हाय. कुठं कुठं फोडशील, बंकट?”

बंकट रॉड ओढत निघून गेला.

मित्रांनो, म्हातारी वस्तू ‘मला जपा’ म्हणते. मी नाही म्हणणार. माझ्यासाठी तीन बोटं मोडली, कारण मी एकटीच होते. चार जणांच्या कामाचं काही तुम्ही बनवलंत, तर ते नीट व्हायची वाट पाहू नका. आजच वाटा. ताईंची ती बोटं अजून सरळ होत नाहीत.