तू त्यांच्याबरोबर जा

खालापुरात कचेरीच्या रस्त्याला एस्तर आणि उज्वला दोघी मिळून पोळीभाजीचं छोटं दुकान चालवायच्या. राहायला दोघी कर्जतला, एकाच चाळीत. सकाळी शेअर रिक्षानं यायच्या आणि दुपारची गर्दी ओसरली की परत जायच्या. एस्तर पोळ्या लाटायची, उज्वला भाज्या करायची आणि गिऱ्हाईक बघायची. सातबाऱ्याच्या कामाला आलेली माणसं, कारकून, पलीकडचा पंक्चरवाला नवनाथ, सगळे त्यांच्याच हातचं जेवायचे.

एस्तर मूळची नगरकडची, योहानशी लग्न करून कर्जतला आलेली. योहान रेल्वेतून निवृत्त झाला होता आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचा. एस्तर भगिनी मंडळाची प्रमुख होती. प्रार्थना तिला तोंडपाठ यायच्या, आणि तेच तिला अलीकडे खुपत होतं. ओठ बोलायचे, पण आत काहीच हलायचं नाही. का, ते तिला सांगता आलं नसतं. घरात दुःख नव्हतं, पाळकांशी भांडण नव्हतं. नुसता कोरडेपणा आला होता, आणि तो कुणाला बोलून दाखवायची तिला लाज वाटायची.

उज्वलाला मात्र तिनं एकदा सांगितलं होतं. उज्वला बौद्ध घरातली. बुद्धविहारात जायची ती पौर्णिमेला, तेही जमलं तर. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येईल गं परत. तू जबरदस्ती नको करू."

दोघींची मैत्री जुळली ती एस्तरच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनच्या वेळी. मंडळाच्या बायका फळं घेऊन आल्या, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून गेल्या. उज्वला तेव्हा नुसती शेजारीण होती. ती पाणी तापवून घेऊन आली आणि एस्तरचे चिकटलेले केस तिनं खाटेवरच धुतले, विंचरले, वेणी घालून दिली. तेव्हापासून दोघी एकमेकींच्या झाल्या. उज्वलाला नवरा नव्हता. एकच मुलगा, साईराज, पाण्याचे जार पोचवणाऱ्या टेंपोवर ड्रायव्हर. लहानपणी तो अर्धा वेळ एस्तरच्याच घरात असायचा.

त्या दिवशी दुपारची गर्दी नुकतीच सुरू झाली होती. दुकानातला मसाला संपला होता, तो घेऊन योहान कर्जतहून स्कूटरवर निघाला होता. एस्तरनं तव्यावर पोळी टाकली, तेवढ्यात एक माणूस धावत दुकानात शिरला. वळणावर टेंपोनं स्कूटर उडवली, तो म्हणाला, आणि स्कूटरवाले तुमचेच साहेब वाटतात. एस्तर तशीच निघाली. पिठाच्या हातांनी, पायात चप्पल न घालता. उज्वलानं गॅस बंद केला आणि तीही मागून पळाली.

योहान रस्त्याच्या कडेला पडला होता. उजवा पाय मांडीपासून नको तिकडे वळला होता आणि खालची धूळ रक्तानं काळी झाली होती. मसाल्याची पिशवी फुटून हळद सगळीकडे उडाली होती, त्याच्या पांढऱ्या दाढीवरसुद्धा. एस्तर त्याच्याजवळ बसली, त्याला हाका मारू लागली. त्याचे डोळे अर्धवट उघडे होते. श्वास चालू होता, पण घरघरत होता. नशिबानं टोलनाक्याजवळ उभी असलेली रुग्णवाहिका लगेच आली. तिच्यातल्या दोघा माणसांनी योहानला स्ट्रेचरवर घेतलं. पनवेललाच न्यावं लागेल, त्यांनी सांगितलं, इथं हे होणार नाही.

तेव्हा कुठे एस्तरला मागचा गलका ऐकू आला.

टेंपो चरात तिरका कलंडला होता आणि पाण्याचे जार रस्त्याभर घरंगळले होते. त्याच्या मागे माणसांचा घोळका होता. काहींनी कमरेचे पट्टे काढले होते. मधूनमधून धपकन आवाज यायचा आणि त्यामागून कुणाचं तरी कण्हणं. उज्वला टेंपोकडे बघत उभी होती. टेंपोच्या दारावर निळ्या रंगानं काढलेलं चक्र तिनं ओळखलं होतं. ते तिच्याच मुलानं काढलेलं होतं.

ती घोळक्यात घुसली. माझा पोरगा हाय तो, ती ओरडली. एकानं तिला दंडाला धरून बाहेर ढकललं. असा पोरगा रस्त्यावर सोडलास कशाला, असं म्हणत दुसऱ्यानं तिच्यावर हात उगारला. ती परत घुसली, परत ढकलली गेली, आणि या वेळी गुडघ्यांवर पडली.

"नातेवाईक कोण? लवकर चढा," रुग्णवाहिकेतला माणूस म्हणाला.

एस्तरनं एक पाय पायरीवर ठेवला. आत योहान, त्याच्या तोंडावर नळी लावलेली. मागे परत तो आवाज झाला. आणि एस्तरच्या मनात स्वच्छ, स्पष्ट शब्दांत आलं, मारा त्याला. साईराजच आहे हे कळल्यावरही आलं. त्याला तिनं मांडीवर घेऊन वरणभात भरवला होता. तरीही आलं.

तिनं मागे वळून पाहिलं. उज्वला रस्त्यावर गुडघे टेकून बसली होती आणि एस्तरकडेच बघत होती. तिनं हाक मारली नाही. मदतीला ये, असं ती म्हणाली नाही. तिनं फक्त हात वर करून रुग्णवाहिकेकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "तू जा. भाऊंजवळ कुणीतरी पायजे."

एस्तरचा पाय पायरीवरून खाली आला. असं काही करायचं तिनं ठरवलं नव्हतं. ती उज्वलाकडे गेली आणि तिला काखेत हात घालून उठवलं.

"तू त्यांच्याबरोबर जा."

"काय बोलतेस तू? तुझा नवरा हाय."

"माझं ऐकतील ही माणसं. तुझं नाही ऐकणार. मी गेले तर पोराला मारून टाकतील." तिनं उज्वलाला ढकलत, जवळजवळ ओढत पायरीशी नेलं. "त्यांचा हात सोडू नकोस."

उज्वलाला रडूही फुटेना. तिनं एकदा घोळक्याकडे पाहिलं आणि ती आत चढली. दार लागलं. गाडी निघाली, तिचा आवाज दूर जाऊ लागला आणि एस्तरला वाटलं, आपण हे काय केलं? आता वाटेत त्याचं काही झालं तर? पण आता तो विचार करून उपयोग नव्हता.

ती घोळक्याकडे गेली. आवाज चढवला तर आपण रडू, हे तिला माहीत होतं, म्हणून ती हळू बोलली. ज्याला लागलंय तो माझा नवरा आहे, ती म्हणाली, मला वाट द्या. पुढच्यांनी वळून पाहिलं. हातापदराला पीठ आणि रक्त लागलेली, अनवाणी बाई. माणसं बाजूला झाली.

साईराज टेंपोच्या मागच्या चाकाला टेकून अंग मुडपून पडला होता. एक डोळा पूर्ण मिटलेला, एक हात लुळा. त्याच्यापुढे नवनाथ उभा होता. रोज दोन पोळ्या जास्त मागून घेणारा, एस्तरला ताई म्हणणारा नवनाथ. त्याच्या हातात टायर खोलायची लोखंडी टॉमी होती आणि चेहरा ओळखू येत नव्हता.

"ताई, भाऊंना या भडव्यानं चिरडलं," तो म्हणाला. त्यानं टॉमी तिच्यापुढे धरली. "तुमीच हाणा. तुमचा हक्क हाय."

कुणीतरी मोबाईल उंच धरला. एस्तरनं टॉमी हातात घेतली. ती जड होती, उन्हानं तापलेली होती. नाही म्हटलं तर पुन्हा सुरू होईल, एवढं तिला कळत होतं. ती टॉमी घेऊन खाली बसली. साईराजला लागून बसली, टॉमी स्वतःच्या मांडीखाली सरकवली आणि त्याचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं.

"आता याला कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "पोलिसांना बोलवा."

काही माणसं चुळबुळत मागे सरली. काही सरली नाहीत. बाई येडी झाली, कुणीतरी म्हणालं. तिनं साईराजच्या तोंडावरचं रक्त पदरानं टिपलं. त्याचे ओठ हलत होते. ती खाली वाकली.

"मावशी," तो म्हणाला, "मी मोबाईल बघत होतो."

तिचा हात आपोआप उचलला गेला, त्याच्या कपाळावरून हवेत. योहानचा वळलेला पाय तिला दिसला. एवढ्यासाठी? मोबाईलसाठी? ही गोष्ट इथं आणखी कुणी ऐकली असती तर या पोराचं काही खरं नव्हतं, आणि हे तिला एकटीला माहीत होतं. हात तसाच राहिला. मग तिनं तो परत त्याच्या कपाळावर ठेवला. माफ केलं म्हणून ठेवला नव्हता. कपाळ थरथरत होतं, म्हणून ठेवला.

"गप्प राहा," ती म्हणाली. "पोलिसांना सांग. इथं नको."

इतक्यात दोन मोटारसायकली येऊन थांबल्या. त्या पोरांना आधीचं काहीच ठाऊक नव्हतं. ड्रायव्हर कुठाय, म्हणत ती थेट आत घुसली. एकानं पडलेला जार उचलून फेकला. एस्तर साईराजवर ओणवी झाली आणि जार तिच्या पाठीत, खांद्याच्या हाडावर बसला. डोळ्यांपुढे अंधारी आली. दुसरा फटका येईल म्हणून तिनं डोळे घट्ट मिटले.

तो आला नाही. डोळे उघडले तेव्हा नवनाथ तिच्याकडे पाठ करून उभा होता, दोन्ही हात पसरून. तो त्या पोरांना शिव्या देत होता आणि मधेच त्याचा आवाज रडका होत होता. त्याच्या शेजारी आणखी एक माणूस येऊन उभा राहिला, मग एक भाजीवाली. पोलिसांची गाडी येईपर्यंत ते तिघं तसेच उभे होते.

पोलिसांनी साईराजला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. एस्तरला नवनाथनंच कुणाच्या तरी कारमधून पनवेलला पोचवलं. वाटेत तिच्या हातातल्या टॉमीकडे बघून तो एकदाच बोलला. ती परत माझ्याकडं देऊ नका, म्हणाला.

इस्पितळाच्या वऱ्हांड्यात उज्वला बाकावर बसली होती. योहानचं घड्याळ तिनं आपल्या मनगटात घातलं होतं, हरवू नये म्हणून. एस्तरला पाहताच ती उठली आणि आधी योहानचंच सगळं सांगितलं. रक्त खूप गेलं होतं, दोन बाटल्या चढवल्या, आता ऑपरेशन चालू आहे, जीवाचा धोका टळला असं डॉक्टर म्हणतात, पायाचं सांगता येत नाही. सगळं रांगेनं, काही न विसरता. आणि मग थांबली. मुलाचं विचारायला तिचं तोंड उघडेना.

"जिवंत आहे," एस्तर म्हणाली. "हात मोडलाय, बरगड्यांना लागलंय. पोलिसांच्या पहाऱ्यात दवाखान्यात आहे." मग तिनं पुढचंही सांगितलं, कारण मैत्रिणीपासून ते लपवणं तिला जमलं नसतं. "उज्वला, तो मोबाईल बघत होता. मला म्हणाला."

"मग तसंच सांगू दे त्याला," उज्वला म्हणाली. "खोटं नको बोलायला."

ती गेली, कुठून तरी ओला रुमाल घेऊन आली आणि एस्तरच्या हातावर वाळलेलं पीठ आणि रक्त पुसू लागली. एस्तरनं हात तिच्या हातात सोडून दिले. दुपारपासून आपण एकदाही प्रार्थना केलेली नाही, हे तिच्या ध्यानात आलं. गर्दीत बसले तेव्हा नाही, गाडीतही नाही. आणि तरी त्या रस्त्यावर आपण एकट्या नव्हतो, हे तिला तितकंच पक्कं ठाऊक होतं. कोणीतरी तिच्या हाताखालून हात घालून तो पुन्हा त्या कपाळावर ठेवला होता. ती रडू लागली. शब्द नव्हते, पण ती कुणाशी तरी बोलत होती, आणि ऐकलं जात होतं. उज्वला हात पुसत राहिली.

योहान वाचला. पाय राहिला, पण आखूड झाला. साईराजनं जबाबात खरं तेच सांगितलं. त्याचं लायसन्स गेलं, खालापूरच्या कोर्टात केस उभी राहिली. चर्चमध्ये काहींनी एस्तरचं कौतुक केलं. काही जणी मात्र नवऱ्याला टाकून राहिली म्हणून कुजबुजल्या. पाळकांनी तिला चर्चमध्ये सगळ्यांपुढे आपल्या अनुभवाची साक्ष द्यायला बोलावलं, तर तिनं नको म्हटलं. कारण त्या बायका कुजबुजत होत्या तेच योहानच्याही मनात होतं. "तू त्या पोराजवळ थांबलीस," एवढंच तो एकदा म्हणाला आणि नंतर कितीतरी दिवस कामापुरतंच बोलला. एस्तरनं स्वतःची बाजू मांडली नाही. तो रागावला होता आणि त्याला तो हक्क होता. ती त्याचा पाय शेकायची, आणि शेकता शेकता मनातल्या मनात प्रभूशी बोलायची. साधंच बोलणं. आज यांना जरा कमी दुखू दे, असं.

उज्वला रोज संध्याकाळी डबा घेऊन यायची आणि दारातूनच परत जायची. एक दिवस योहाननं तिला आत बोलावलं. त्या दिवशी गाडीत मी काय बोलत होतो, त्यानं विचारलं. मला काहीच आठवत नाही.

उज्वला घुटमळली. "सांगनार नव्हते मी. माझ्या पोरासाठी बोलते, असं वाटंल तुमाला."

"सांग."

"तुमी एस्तरला हाका मारत होतात. मी म्हटलं, हाय मी इथंच. आनि मग तुमी सारखं एकच विचारत होतात. टेंपोवाल्या पोराला लागलं का. पनवेल येईस्तवर विचारत होतात, भाऊ."

योहान भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. एस्तर दारात उभी होती, ती पुढे झाली नाही. मग त्यानं विचारलं, तो पोरगा सध्या काय करतो. घरातच बसून असतो, उज्वला म्हणाली, कुनाला तोंड दाखवत नाय.

रविवारी साईराज आला. हाताचं प्लास्टर निघालं होतं, बोटं अजून नीट मिटत नव्हती. तो उंबऱ्यापाशीच जमिनीवर बसला आणि मान खाली घातली. योहाननं त्याच्याकडे पाहिलं नाही. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "माझ्या मनातून राग गेलेला नाही. जाईल का तेही माहीत नाही." मग म्हणाला, "पण खाली नको बसू. वर खुर्चीवर बस."

साईराज उठला आणि खुर्चीच्या कडेला टेकला. मग योहाननं त्याला बोटं दाखवायला सांगितलं, आणि इस्पितळात इतरांना करताना पाहिलेला हाताचा एक व्यायाम तुटक शब्दांत समजावला. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला.