लोहजलाने उतरलेली चरबी

"उतरली! पाच टक्के उतरली!"

जिममध्ये एकच गलका झाला. वजनं जिथल्या तिथे टाकून सगळ्या बायका काट्याभोवती गोळा झाल्या. काट्यावर उभी होती माझी धाकटी जाऊ. तासापूर्वी याच काट्याने तिच्या अंगात एकतीस टक्के चरबी दाखवली होती, आता सव्वीस. शेजारी जिमचे गुरू लोहबाबा डोळे मिटून उभे होते. अंगात काळा घट्ट बनियन, गळ्यात शिट्टी आणि चेहऱ्यावर साऱ्या जगाचा भार.

"चरबी जडबुद्धीची असते, ताई," बाबा म्हणाले. "तिला घाम कळत नाही, उपदेश कळत नाही. तिला फक्त लोहाची आज्ञा कळते."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

का होऊ नये? जावेला या जिममध्ये मीच आणलं. बार खांद्यावर कसा घ्यायचा, पाठ कशी सरळ ठेवायची, सगळं मी शिकवलं. मी गेले काही महिने पोटभर जेवून, दर आठवड्याला थोडं थोडं वजन वाढवत स्नायू घडवत होते. अशा दिवसांत अंगावर थोडी चरबी चढतेच; ती नंतर सावकाश खाणं कमी करून उतरवायची, असा तो क्रम असतो. म्हणजे माझी जीन्स घट्ट झाली होती, आणि माझ्या डोळ्यांदेखत ही बाई तासात पाच टक्के उतरवून मोकळी!

बाबांचा विधी ठरलेला. आधी तळपायांना पांढरं 'शोषचूर्ण' चोळून काट्यावर उभं राहायचं. मग व्यायाम. मग बाबा स्वतः 'लोहजला'ने पाय धुणार आणि ओल्या पायांनीच पुन्हा काट्यावर उभं करणार. चरबी हटकून उतरायची. पुढच्या आठवड्यात चूर्ण लावून उभं राहिलं की आकडा परत वर. बाबा खिन्नपणे मान हलवायचे. "खाल्लंत ना? मी उतरवतो, तुम्ही चढवता."

बायका खजील व्हायच्या. माझ्या जावेने हे फारच मनावर घेतलं. आधी रात्रीचं जेवण सुटलं, मग सकाळचं. आमचं एकत्र घर, एकच स्वयंपाकघर. ताट पुढे आलं की ती कपडे वाळत घालायला उठायची. तिची पाळी थांबली. दिवस गेलेले नाहीत याची खात्री करून घेतली, आणि मग डॉक्टरकडे जायचं सोडून ती बाबांकडे गेली. "शुभलक्षण!" बाबा म्हणाले. "चरबीची मुळं सुटली." रविवारी तिला सगळ्यांसमोर, उपाशीपोटी, आजवरचा सर्वांत जड बार खांद्यावर घेऊन बैठक मारायची होती. बाबा त्याला सिद्धी म्हणत होते.

मला तिची काळजी वाटत होती का? वाटत होती. पण खरं सांगायचं तर आधी वाटला तो हेवा. तिच्या हाडं दिसणाऱ्या गळ्याचासुद्धा.

तिने घरी बाबांच्या काट्यासारखाच काटा आणून न्हाणीघराच्या दाराशी ठेवला होता. एका सकाळी अंघोळ करून निघाले तर घरात कोणी नव्हतं. गुपचूप चढले. चोवीस! जावेपेक्षा कमी! मला आनंदाने नाचायचंच बाकी राहिलं. तो आकडा तिच्या नाकासमोर धरायचा म्हणून दुपारी ती येताच मी ऐटीत काट्यावर उभी राहिले.

अठ्ठावीस.

"जेवलात वाटतं," जाऊ गोड हसून म्हणाली.

त्या हसण्याने मला झोप लागेना. माझं वजन तर होतं तेवढंच होतं. मग डाळभाताच्या एका जेवणात एवढी चरबी आली कुठून?

मी दवाखान्यात ईसीजी काढते. दुसऱ्या दिवशी एका आजोबांच्या छातीवर नेहमीसारखं जेल लावत होते. कोरड्या कातडीतून विजेचे संकेत नीट येत नाहीत, म्हणून ते लावतात. लावता लावता माझा हात थांबला. तो काटासुद्धा वीजच सोडतो! तळपायातून अगदी बारीक प्रवाह आत जातो. पाणी आणि स्नायू त्याला वाट देतात, चरबी अडवते. किती अडथळा आला त्यावरून काटा चरबीचा अंदाज बांधतो. पाय कोरडे असले की अडथळा जास्त, ओले असले की कमी, खारट पाण्याने ओले असले तर आणखी कमी. बिचाऱ्या काट्याला काय ठाऊक, मधे आलेली चरबी आहे की पावडर!

घरी येऊन जावेला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जळता तुम्ही माझ्यावर, ताई."

"हो, जळते," मी म्हणाले. "पण काटा काही माझ्या जळण्यावर चालत नाही."

तिने दार लावून घेतलं.

रविवारी मी सासूबाईंना जिममध्ये घेऊन गेले. त्यांनी आयुष्यात पाण्याच्या बादलीपेक्षा जड काही उचललेलं नाही. बार तयार होता, जाऊ फिकट तोंडाने उभी होती. मी पुढे झाले. "बाबा, आधी आमच्या आईंची चरबी उतरवू द्या."

"माताजींना व्यायाम झेपेल?"

"व्यायाम कशाला?"

मी सासूबाईंच्या तळपायांना बाबांचंच चूर्ण चोळलं आणि त्यांना काट्यावर उभं केलं. एकेचाळीस. मग त्यांना खुर्चीत बसवून बादलीतल्या पाण्यात घरचं मीठ टाकलं आणि त्यांचे पाय धुतले. पुन्हा काट्यावर. छत्तीस.

"अगं, मी तर बसूनच होते!" सासूबाई म्हणाल्या. "गेली कुठे?"

पाय पुसले, चूर्ण लावलं. एकेचाळीस.

"आणि परत आली? मी काही खाल्लंसुद्धा नाही गं!"

बायका फिदीफिदी हसू लागल्या. बाबा म्हणाले, "अश्रद्धेने लोह कोपतं," पण त्यांची नजर दाराकडे होती.

जाऊ हसत नव्हती. तिने स्वतःच टॉवेल घेतला, चूर्ण लावलं, काट्यावर चढली. पाय धुतले, पुन्हा चढली. दोन्ही आकडे पाहिले. मग शेजारच्या बाकावर मटकन बसली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली.

"ताई, मला भूक लागलीय."

मी तिला घरी नेऊन वाढलं. दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "कष्ट जास्त आणि अन्न कमी झालं की शरीर पाळीसारखी कामं बंद ठेवतं. बाईच्या अंगात थोडी चरबी लागतेच. ती शत्रू नाही."

बायांनो, कोणी तासात चरबी उतरवून दाखवली, तर टाळ्या वाजवण्याआधी तळपाय पुसा. काटा वापरायचा तर दिवसाच्या ठरलेल्या वेळेला, पाय दर वेळी सारखेच कोरडे ठेवून वापरा, आणि रोजच्या आकड्याला भुलू नका. स्नायू महिन्यामहिन्यांनी घडतो. कमरेला मापाची फीत लावा, बारवर किती वजन चढलं ते बघा, आणि पाळी थांबली तर बाबाकडे नाही, डॉक्टरकडे जा.

जाऊ आता दोन्ही वेळा जेवते. पाळी परत आली, गाल भरले. आणि परवा तिने तो जड बार खांद्यावर घेऊन बैठक मारली, माझ्यापेक्षा दहा किलो जास्त. मी प्लेटा पुन्हा पुन्हा मोजल्या. चूर्ण नाही, जल नाही, सगळं अस्सल लोखंड.

मी अजून जळतेच आहे. पण या वेळी टाळ्या वाजवल्या.