हार्डविकच्या दुकानातला पियानो

एकोणीस वर्षं मी हार्डविकच्या दुकानात फिती-बटणांच्या काउंटरमागे उभी राहिले, पण १९११ सालच्या जुलैतल्या त्या शनिवारी मला जो घाम फुटला तो पुन्हा कधी फुटला नाही. आणि तो उकाड्याचा नव्हता, हे आधीच सांगून ठेवते.

सुरुवात झाली मे महिन्यात. आमचे मालक लेमन हार्डविक माणूस वाईट नव्हता, चिकट होता. त्यांनी अटलांटाहून एक पियानो मागवला, अक्रोडाच्या लाकडाचा, तोंड दिसेल इतका चकचकीत, आणि दर्शनी काचेमागे मांडला. मग वर्तमानपत्रात जाहिरात दिली. पाच सेंटांच्या खरेदीमागे एक मत, आणि जुलैच्या शेवटच्या शनिवारी दुपारी बाराच्या ठोक्याला ज्या मुलीच्या नावावर सगळ्यांत जास्त मतं, तिला पियानो फुकट. रोख मोजा नाहीतर मालाच्या बदल्यात माल न्या, मत मिळेल. उधारीच्या वहीवर लिहिलेल्या मालाला मत नाही.

शेवटच्या ओळीत मालकांचा खरा डाव होता. आमच्या हॅचर गावात कापूस विकला जाईपर्यंत, म्हणजे मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत, सगळं गाव वहीवर जगायचं. शेतकरी वहीवर, डॉक्टर वहीवर, पाद्री वहीवर. उलट जो जितका मोठा, त्याची वही तितकी जाड. दुकानात खिशातून नाणी काढून देणं हे मोठ्या लोकांना हलकेपणाचं वाटायचं. गावात कुणाकडे चार नाणी दडलेली असतील तर पियानोच्या लोभाने बाहेर येतील, असा मालकांचा हिशोब होता. मालाच्या बदल्यात माल ही ओळ त्यांनी सहज सवयीने टाकली. दारावर पाटीच होती ना: 'काहीही आणा, आम्ही घेतो.' खेड्यातल्या बायका अंडी आणायच्या, मी ती उजेडात धरून पारखायचे आणि बदल्यात कापड मोजून द्यायचे.

आता व्हेस्टाबद्दल सांगते. व्हेस्टा क्रम्ली माझ्या बहिणीची, डेलाची, मुलगी. वय एकोणीस. अकराव्या वर्षापासून गावाबाहेरच्या सूतगिरणीत. डेला त्याच गिरणीत कापसाचे तंतू छातीत ओढत ओढत खोकून गेली, आणि त्या वसंतात व्हेस्टाही खोकायला लागली होती. तो खोकला मी ओळखत होते. पण पोरीच्या बोटांत काहीतरी होतं. गिरणीवाल्यांच्या चर्चमधल्या फाटक्या बाजाच्या पेटीवर ती एकदा ऐकलेलं गाणं जसंच्या तसं वाजवायची. गावात हलत्या चित्रांचं थिएटर उघडणार होतं. त्याचा मालक तिला म्हणाला होता, "चित्र चालू असताना सलग दोन तास पियानो वाजवता येत असेल तर एक सप्टेंबरला ये, नोकरी तुझी. पण हात घरी बसव. माझ्या पियानोवर शिकायला येऊ नकोस." घरी! तिच्या घरी नीट बसायला खुर्ची नव्हती.

मी तिचं नाव स्पर्धेत घातलं तेव्हा दुकानात हशा पिकला. गिरणीतल्या लोकांना गावात 'कापूसडोकी' म्हणायचे. शिवाय गिरणी त्यांना पगार म्हणून चिठ्ठ्या द्यायची, आणि त्या चालायच्या फक्त गिरणीच्याच दुकानात. हे लोक मतं कशाने आणणार?

"कशाने म्हणजे?" व्हेस्टाचा चुलता जेब क्रम्ली म्हणाला. जेबला उजव्या हाताला तीनच बोटं, उरलेली गिरणीने नेली, पण जीभ शाबूत. "तुमच्या पाटीवर काय लिहिलंय, मिस कोरा? मला वाचता येत नाही, तुम्हीच वाचा."

"काहीही आणा, आम्ही घेतो."

"मग घ्या की!"

आणि त्यांनी आणायला सुरुवात केली. जूनमध्ये ब्लॅकबेरी आल्या, बादल्याच्या बादल्या. कामाची पाळी संपली की गिरणीची पोरंटोरं, बायका, म्हातारे काट्यांत घुसायचे आणि ओरबाडलेल्या हातांनी माझ्यासमोर बादली आदळायचे. मग अंजिरं, मध, भोपळे. एक जण जिवंत कासव घेऊन आला. मालक कपाळाला हात लावून म्हणाले, "कोरा, या कासवाचं मी काय करू?"

"सूप, मालक. पाटी तुमची आहे."

स्पर्धेत सुरुवातीला सहा मुली होत्या. जुलै लागेपर्यंत दोनच उरल्या: व्हेस्टा आणि बँकवाल्या ऑगस्टस बास्कमसाहेबांची युलाली. युलालीच्या घरी पियानो होताच. पण दुकानातल्या मतांच्या पाटीवर आपल्या मुलीच्या वर कापूसडोक्यांच्या मुलीचं नाव दिसलं, हे बास्कमसाहेबांना सहन होईना. बँकेचे कारकून, त्यांच्या बायका, बायकांच्या बहिणी, सगळे नाणी घेऊन हजर होऊ लागले. रोज संध्याकाळी मी पाटीवर नवे आकडे लिहायचे आणि बाहेर फुटपाथवर गर्दी उभी असायची. न्हाव्याच्या दुकानात पैजा लागल्या. मेथडिस्ट चर्चवाले एका बाजूला, बाप्टिस्ट चर्चवाले दुसऱ्या बाजूला. माझी झोप उडाली होती आणि, खरं सांगते, इतकी मजा मला आयुष्यात कधी आली नव्हती.

शेवटच्या शनिवारी अकरा वाजता पाटीवर आकडे होते: युलाली ९१४०, व्हेस्टा ८७०२. चारशे अडतीस मतांनी मागे. दुकानात पाय ठेवायला जागा नाही.

तेवढ्यात रस्त्यावरून असा काही कलकलाट आला की खेचरं बिथरली. जेब क्रम्ली गाडी घेऊन येत होता आणि गाडीत कोंबड्या होत्या. नव्वद कोंबड्या! गिरणीच्या वस्तीत प्रत्येक घरामागे दोन-चार असायच्या, अंडी देणाऱ्या, पोरांच्या तोंडचा घास. सगळ्या वस्तीने खुराडी रिकामी केली होती.

"जेब, अरे, अंडी देणाऱ्या आहेत या!" मी म्हटलं.

"म्हणून तर चांगला भाव लावा. घ्या मोजायला, घड्याळ थांबत नाही!"

मी मोजल्या. एकेकीची छाती चाचपून, तराजूत टाकून, पिसं डोळ्यांत जात असताना मोजल्या. चार सुटल्या आणि एक थेट पियानोवर जाऊन बसली. मालक ओरडले, "अक्रोड! अक्रोडावर घाण करेल!" कोंबड्यांची सहाशे तीस मतं झाली. मागोमाग मध आणि डुकराच्या दोन खारवलेल्या मांड्या, शंभर मतं.

मग व्हेस्टा पुढे आली आणि तिने काउंटरवर एक गोधडी ठेवली.

ती मी ओळखली. डेलाच्या लग्नाची गोधडी, निळ्या-पांढऱ्या तुकड्यांची. एका कोपऱ्यातले टाके वाकडे होते, ते माझे, मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

"व्हेस्टा, ही नको," मी हळूच म्हटलं.

"मावशी, अदलाबदल आहे ना? मग भाव सांग."

"एकदा घेतली की परत मिळत नाही, पोरी. सोमवारी कुणीही उचलून नेईल."

"माहीत आहे मला." तिने गोधडी माझ्याकडे सरकवली. मी सहा डॉलर भाव लावला, एकशे वीस मतं. वर एक सेंट नाही, कारण सगळं गाव माझ्या हाताकडे बघत होतं.

मी पाटीवर लिहिलं: व्हेस्टा ९५५२. चारशे बारा मतांनी पुढे! जेबने टोपी उडवली, ती पंख्यात अडकली. घड्याळात बाराला वीस कमी होते.

आणि बास्कमसाहेब आत आले.

पांढरा सूट, पोटावर सोन्याची साखळी, मागून मान खाली घातलेली युलाली. पाटीकडे एकदा पाहिलं आणि त्यांनी काठीने स्वयंपाकाची मोठी शेगडी दाखवली, सहा चुलांची, चाळीस डॉलरची. "लेमन, ही माझ्या घरी पाठव. मतं युलालीला."

आठशे मतं. दुकानात कोंबड्या तेवढ्या बोलत होत्या.

"रोख ना, साहेब?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू काउंटरच बोलला. "लिही वहीत. नेहमीसारखं."

"वहीला मत नाही, साहेब. छापलंय तसं."

मालकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दुकानाचे कागद बास्कमसाहेबांच्या बँकेत गहाण होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मालक माझ्या कानाशी लागले. "कोरा, दे त्यांना मतं. नोकरी हवी असेल तर दे."

नोकरी मला हवी होती. मला ना नवरा, ना जमीन. पण डोळ्यांसमोर डेलाचा खोकताना तोंडाला लावायचा रुमाल आला, शेवटच्या महिन्यातला, आणि माझं डोकं फिरलं.

"देते, मालक," मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असं. "आजपासून वहीवरच्या मालालाही मत!"

मग मागून एक शेतकरी ओरडला, "काय? मग माझं मार्चपासूनचं खत धरा की!"

"आणि माझा नांगर!"

"माझ्या बायकोचं सगळं दुकान आहे तुझ्या वहीत, लेमन! काढ वही!"

पन्नास माणसं काउंटरवर चाल करून आली. जेब बाकावर चढून ओरडत होता, "रांगेत या, रांगेत या! मतं व्हेस्टाला द्या!" मालकांनी वही छातीशी धरली. सगळ्या गावाची मार्चपासूनची खरेदी पुन्हा मोजायची म्हटली तर नाताळ उजाडला असता. "नाही! नाही!" ते किंचाळले. "नियम तोच! वहीला मत नाही! ऑगस्टस, माफ कर, मला हे लोक फाडून खातील."

बास्कमसाहेब लाल झाले. "चौकापलीकडे माझी बँक आहे. आत्ता रोख आणतो." आणि ते निघाले, चक्क पळत. हॅचर गावाने बास्कमसाहेबांना पळताना पहिल्यांदाच पाहिलं. पाच मिनिटांत परत आले ते चालत. शेजारच्या तालुक्यात दरोडा पडल्यापासून त्यांनी बँकेच्या तिजोरीला वेळेचं कुलूप बसवलं होतं. शनिवारी साडेअकराला बंद, सोमवारी सकाळी उघडणार, मधे देव आला तरी नाही. हुकूम त्यांचाच.

"वीस-पंचवीस डॉलर कोण देतं?" त्यांनी गर्दीला विचारलं.

जुलै महिना! वसंतात कर्जासाठी यांच्याच दारात टोपी हातात धरून उभी राहिलेली माणसं ती. कुणी छताकडे पाहिलं, कुणी कोंबड्यांकडे.

"बाबा, चला ना," युलाली म्हणाली. "आपल्याकडे आहे एक. तोसुद्धा मला धड वाजवता येत नाही."

पण ते हट्टाला पेटले होते. बाराला तीन मिनिटं कमी असताना त्यांनी साखळी काढली आणि सोन्याचं घड्याळ काउंटरवर ठेवलं. "काहीही आणा, आम्ही घेतो. असंच आहे ना? हे घे. अदलाबदल."

त्यांचं बरोबर होतं. व्हेस्टाने काउंटरची कड घट्ट धरली होती. मी घड्याळ हातात घेतलं. झाकणाच्या आत कोरलं होतं: 'ऑगस्टसला, वडिलांकडून.' घड्याळ शंभराच्या खाली नव्हतं. दोन हजार मतं. मी मान्य केलं की संपलं.

मी फसवू शकले असते. मला काय कळतं घड्याळातलं, म्हणून वेळ काढता आला असता. पण व्हेस्टाला जे सांगितलं तेच मी त्यांना सांगितलं, एक शब्द इकडे-तिकडे न करता.

"घेते, साहेब. पण एकदा घेतलं की परत मिळत नाही. सोमवारी कुणीही उचलून नेईल. चालेल?"

त्यांनी तोंड उघडलं. कोरलेल्या अक्षरांकडे पाहिलं. त्यांचा हात पुढे आला आणि घड्याळावर थांबला. त्यांनी एवढंच म्हणायचं बाकी होतं: चालेल. कोर्टाच्या घड्याळाचा पहिला ठोका पडला. मग दुसरा. ते बोलले नाहीत. बारावा ठोका पडला तेव्हा त्यांनी घड्याळ उचलून खिशात टाकलं. मला त्या क्षणी त्यांचा राग आला नाही, त्याचंच मला नवल वाटतं.

नंतर जो गोंधळ झाला तो काय सांगू! बाप्टिस्टांनी मेथडिस्टांना मिठ्या मारल्या. व्हेस्टाला लोकांनी उचलून पियानोसमोर बसवलं. ब्लॅकबेरीचे डाग नखांत तसेच होते. तिने वाजवायला सुरुवात केली आणि पियानोवरची कोंबडी तिथून हलायला तयार नव्हती. मी बटणांच्या खोक्यावर बसून ढसाढसा रडले.

तासाभराने पियानो गाडीवर चढवायची वेळ झाली. मालक दिवसभराचं आवरत होते, माझ्याशी अवाक्षर बोलले नव्हते. सोमवारी येऊ की नको, हे विचारायचं धाडस मला होईना.

"थांबा," ते एकदम गाडीवाल्यांवर खेकसले. "उघडाच नेता? अक्रोड आहे तो! ओरखडा पडला तर गाव म्हणेल, हार्डविकने खराब माल दिला." मग ते मागे फळीकडे गेले, निळी-पांढरी गोधडी काढली आणि माझ्या अंगावर फेकली. "हिच्यात गुंडाळ, कोरा. आणि सोमवारी वेळेवर ये, नव्वद कोंबड्या विकायच्या आहेत."

"आणि गोधडी, मालक? परत आणू?"

ते वहीत डोकं घालून बसले होते. "कुठली गोधडी?" ते म्हणाले.

मी गोधडी पियानोवर पसरली आणि माझे वाकडे टाके आतल्या बाजूला दुमडले.