आरसा तसाच होता

या, जरा जवळ सरका. ही गोष्ट मोठ्याने सांगायची नाही. माझ्या भाचीची आहे, आणि तिला विचारूनच सांगते आहे. हिच्यात देव येतो का, म्हणाल, तर येतो. पण लंगडत येतो, आणि तळघराच्या जिन्याने येतो.

भाची माझ्याकडे मागच्या खोलीत राहून कायद्याचं शिकत होती. आईबापांवर भार नको म्हणून शनिवार-रविवार एका मोठ्या रेस्टॉरंटच्या दारात गाड्या लावायचं काम तिने धरलं. पाहुणा उतरला की किल्ली घ्यायची, टोकन द्यायचं, गाडी उतारावरून तळघरात न्यायची आणि जेवण झालं की पुन्हा दारात आणून उभी करायची. पोर उंचीने एवढीशी. सीट पार पुढे ओढल्याशिवाय पाय पोचत नसत. सोबतचे तिला वकीलबाई म्हणायचे.

तिला हे काम शिकवलं उंटाने. उंट म्हणजे तिच्याच वयाचा, नर्सिंग शिकणारा एक लांबलचक मुलगा. गाडीत बसताना घडीच्या खुर्चीसारखा मिटून बसे. सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे ढकलावी लागे ती त्यालाच. पहिल्या दिवशी त्याने तिला सांगितलं होतं, "आधी सीट, मग आरसा, मग पट्टा. किल्ली सगळ्यात शेवटी. हात चुकला तर चालेल, क्रम चुकायचा नाही." दोघांची गट्टी अशी, की किल्ल्या हातात देत नसत, फेकत. त्याने दारातून भिरकावली की हिने उतारावर अलगद झेलायची.

मग एका पाहुण्याने तक्रार केली. त्याची गाडी कुणीतरी बाहेर फिरवून आणली, असं त्याचं म्हणणं. खरंखोटं देव जाणे. पण कामावरच्या मुख्याने, ज्याला सगळे कॅप्टन म्हणत, सगळ्यांना उभं करून बजावलं, की असा माणूस सापडला तर नुसता घरी जाणार नाही, त्याच्या कॉलेजलाही कळवीन. उंटाला लवकरच इस्पितळात शिकाऊ म्हणून लागायचं होतं. तिथे चालचलणूक आधी बघतात, गुण मागाहून. भाचीला हे पक्कं ठाऊक होतं. त्यानेच सांगितलं होतं.

त्याच सुमारास दर शनिवारी दुपारी एक राखी गाडी येऊ लागली. चालवत येणारे एक आजोबा. मुलगा, सून, नातवंडं दुसरीकडून येत, आणि सगळे मिळून वरच्या दालनात जेवत. गाडी भाची लावायची आणि काढायलाही तीच जायची. एकदा काढायला गेली, तर सीट शेवटच्या खाचेत. आजोबांच्या बसण्यापेक्षाही मागे. हिने तर पुढे ओढून ठेवली होती. तिने ती पुन्हा पुढे घेतली, गाडी वर आणली, कुणाला काही बोलली नाही. पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्याही.

आता बघा मनाचं कसं असतं. आमचे कथेकरीबुवा झांज थांबवून म्हणत, संशयाला स्वतःचे पाय नसतात, तो दुसऱ्याच्या पायांनी चालतो. इथे पाय लांब होते, मग काय. उंट दुपारी मध्येच गायब होतो, हे तिला आता दिसू लागलं. काखेत एक पिशवी असते, ती कुणाला दाखवत नाही. पायात नवेकोरे पांढरे बूट आले, ते कुठून आले? तिने गमतीने विचारलं, तर म्हणाला, "वकीलबाई, उलटतपासणी रविवारी घ्या." पूर्वी ती यावर खळखळून हसली असती. त्या दिवशी तिला वाटलं, उत्तर टाळतोय.

घरी जेवताना तिने दोनदा मीठ वाढून घेतलं. मी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं, आणि वर म्हणाली, मावशी, पुरावा आहे माझ्याकडे. मी म्हटलं, मग त्यालाच विचार की. तर म्हणे, चोर कधी हो म्हणतो का. मला ते पटलं नाही. पण पोरगी शिकलेली, मी काय बोलणार, असं म्हणून ताटं उचलली.

शनिवारी सकाळी तिने कॅप्टनला सीटचं सांगितलं. नाव नाही घेतलं. पण शेवटची खाच म्हटल्यावर नाव घ्यायला लागतंच कुठे. कॅप्टनने उंटाच्या हातून किल्ल्या काढून घेतल्या आणि त्याला दारातल्या टोकनच्या टेबलाशी बसवलं, डोळ्यांसमोर. संध्याकाळी कॉलेजला फोन करतो म्हणाला. उंटाने विचारलं, कोण म्हणालं. कॅप्टन पुढच्या गाडीकडे वळला. उंटाने एकदा भाचीकडे पाहिलं. ती पावसाळी छत्र्यांच्या स्टँडकडे बघत राहिली.

दुपारी राखी गाडी आली. हिने लावली, वर आली. उंट टेबलाशी होता. पाणी प्यायलाही उठला नाही. पाहुण्यांचं जेवण आटोपलं, टोकन आलं, भाची खाली गेली. दार उघडलं.

सीट शेवटच्या खाचेत.

तिथेच ती बसली, पाय अधांतरी लोंबत. सवयीने सीट पुढे ओढली, मान वर केली. आरशात मागची काच नीट दिसत होती. तिच्या उंचीला नीट. आरसा तिने लावला तसाच होता. आणि मग तिला आठवलं, की मागच्या कुठल्याही शनिवारी ही गाडी काढताना आरशाला हात लावावा लागला नव्हता. उंटाने ही गाडी चालवली असती तर आरसा आधी त्याच्या उंचीला गेला असता. सीट हलली होती, गाडी कधी हललीच नव्हती.

गाडी वर नेली तोवर आजोबा दारात होते. एक पाय ताठ, काठीवर भार. त्यांना गाडीत बसवताना हिने हळूच विचारलं, की आजोबा, जेवताना तुम्ही खाली येता का? म्हातारा चपापला. मुलगा लांब आहे बघून म्हणाला, "सुनेला सांगू नकोस, बाळ. वर गोंगाट फार, हा गुडघा टेबलाखाली मावत नाही. दुसरी किल्ली खिशात असते. पाय पसरतो, घटकाभर डोळे मिटतो." मग ओशाळून पुढे म्हणाला, की पहिल्यांदा मात्र आलो तो तुमच्यावर नजर ठेवायला, गाडीच्या कप्प्यातून काही नेता की काय बघायला. कुणी आलंच नाही. शांत वाटलं, म्हणून येत राहिलो.

भाची म्हणते, मावशी, मला तिथे रडू आलं नाही, लाज आली. ती तशीच टेबलाकडे निघाली, आणि पायरीवर थांबली. आजोबांचं गुपित पोटात ठेवता आलं असतं, पण मग उंटाचं काय? मागे वळून तिने आजोबांनाच हाताला धरून दारातल्या पायऱ्या चढवल्या. त्यांनी कॅप्टनला सगळं सांगितलं. सूनबाईंनीही ऐकलं, ते वेगळंच. मग भाची सगळ्यांदेखत उंटाला म्हणाली, "तक्रार मी केली होती. आरसा बघितला नाही मी."

उंट थोडा वेळ टोकनं एकावर एक रचत बसला. मग म्हणाला, "मला विचारायचं होतंस. मागे भांडी घासणारे काका आहेत, त्यांच्या हाताला बँडेज बांधायचा सराव करतो. पिशवीत तेच असतं. बूट इस्पितळाचे."

कॉलेजला फोन गेला नाही. कॅप्टनने किल्ल्या परत दिल्या आणि उंट कामाला लागला, जसं काही घडलंच नाही. फक्त एक बदललं. किल्ली तो आता फेकत नसे. टेबलावर ठेवी, आणि ती उचलेपर्यंत दुसरीकडे बघे. बोलणं चालू होतं, थट्टासुद्धा. पण किल्ली टेबलावर. भाची कामावरून आली की मला तेवढंच सांगे: आजही ठेवली. मी दिव्यापुढे बसून दुसरं काय मागणार, त्याने किल्ली पुन्हा फेकावी, हेच मागितलं.

मग तो इस्पितळात लागला. कामाच्या शेवटच्या दिवशी दारात उभं राहून त्याने सहज एक किल्ली हवेत भिरकावली. भाचीची सवय मोडली होती. किल्ली हातावरून निसटली आणि उतारावरून खणखणत खाली गेली. तो लांब ढांगा टाकत धावला, उचलून आणली आणि हसून म्हणाला, क्रम विसरलात वाटतं, वकीलबाई. आणि पुन्हा फेकली.

आता कुठेतरी तो कुणाच्या उशाशी उभा असेल, पांढऱ्या बुटांत, कमरेत वाकून. आज देवापुढे हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांचं झालं की त्या उंटाचीही आठवण ठेवा. नाव माहीत नसलं तरी चालेल. देवाला उंची सांगा, तो ओळखेल.